पाण्याचे मॉडेल संगणकावर बसत नाही? आधी पायथॉनची आवृत्ती तपासा

कपाशीला पुढचे पाणी कधी आणि किती द्यायचे, याचा अंदाज देणारा ‘अ‍ॅक्वाक्रॉप’ हा प्रोग्रॅम जागतिक अन्न व कृषी संघटनेने तयार केला. तो पायथॉन भाषेतही मोफत मिळतो. जळगाव, धुळ्यातील विस्तार कार्यकर्ते, कृषी पदवीधर आणि संगणक हाताळणारे तरुण शेतकरी तो वापरून पाहू शकतात. मात्र बहुतेकांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. पायथॉन नवे कोरे, इंटरनेट चालू, ‘पिप इन्स्टॉल अ‍ॅक्वाक्रॉप’ ही कमांडही बरोबर, तरी पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळीच ओळी. माणूस दोनदा प्रयत्न करतो आणि ‘हे आपले काम नाही’ म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा चूक त्याची नसते. आवृत्त्या जुळत नसतात, एवढेच.

असे का होते?

ठिबकची १६ मिमीची नळी २० मिमीच्या जॉइनरला लावली तर दोन्ही वस्तू चांगल्या असूनही पाणी गळते. इथेही तसेच आहे. पाण्याच्या मॉडेलमध्ये रोजच्या ओलाव्याचे हिशेब हजारो वेळा करावे लागतात. ते वेगाने व्हावेत म्हणून ‘नमपाय’ आणि ‘नंबा’सारखी सहायक पॅकेजेस लागतात. ही पॅकेजेस पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी बांधावी लागतात. पायथॉनची नवी आवृत्ती साधारण दर ऑक्टोबरमध्ये येते, पॅकेजेस मागून येतात. पायथॉन ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, पण त्यावर चालणारे नंबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाले. पुढच्या वर्षी ३.१३ च्या बाबतीतही असाच तीन महिन्यांचा खंड पडला. जून २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली, तेव्हा जुन्या नमपायवर बांधलेली बरीच पॅकेजेस बसूनही सुरू होताना अडू लागली.

म्हणून सर्वांत नवे पायथॉन घेऊ नये. काही पायऱ्या मागचे, उदाहरणार्थ ३.११, घ्यावे. बियाण्याचा नवा वाण पहिल्याच वर्षी सगळ्या रानात कोणी लावत नाही, तेच इथे लागू.

लाल ओळींत काय वाचावे

सगळे वाचायची गरज नाही, शेवटच्या चार-पाच ओळी पाहाव्यात. ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’ असे आले, तर नाव बरोबर लिहिले आहे का ते बघावे. नाव बरोबर असेल तर तुमच्या पायथॉनसाठी बांधलेले पॅकेज बहुधा उपलब्धच नाही. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हवे असे आले, तर तयार पॅकेज न मिळाल्याने संगणक ते स्वतः बांधू पाहतो आहे. अशा वेळी मोठमोठी साधने डाउनलोड करत बसू नये, पायथॉन बदलावे. ‘डिस्टयुटिल्स’ सापडत नाही असे आले, तर पॅकेज जुने आणि पायथॉन ३.१२ किंवा त्यापुढचे आहे. हा भाग ३.१२ पासून काढून टाकला आहे.

बसवण्याची पद्धत

आधीचे पायथॉन काढायची गरज नाही. विंडोजवर दोन आवृत्त्या शेजारीशेजारी राहतात. ‘पाय’, जागा सोडून डॅश आणि शून्य, अशी कमांड (इंग्रजी अक्षरांत) दिली की कोणकोणत्या आवृत्त्या आहेत ते दिसते. नंतर ३.११ वापरून या कामापुरते वेगळे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट’ करावे. म्हणजे खताची टाकी वेगळी, फवारणीची वेगळी, एकाचे दुसऱ्यात मिसळत नाही. त्याचा फोल्डर सी ड्राइव्हवर, छोट्या इंग्रजी नावाचा, मध्ये जागा न सोडता ठेवावा. तो सुरू करूनच पिप चालवावे. हे विसरले की पॅकेज भलत्याच पायथॉनमध्ये जाते. सगळे नीट चालले की ‘पिप फ्रीज’ने आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये जतन करावी. पुढच्या वर्षी ही यादीच उपयोगी पडेल.

कार्यालयातील जुना संगणक विंडोज ७ वर असेल तर त्यावर ३.८ च्या पुढचे पायथॉन बसतच नाही. त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा गूगल कोलॅब वापरावे. तिथली पायथॉन आवृत्ती मात्र न विचारता बदलते, म्हणून पॅकेजची आवृत्ती कमांडमध्येच लिहावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेट कमी असेल तर शहरातून ‘पिप डाउनलोड’ने फाइल्स पेनड्राइव्हवर आणता येतात. अट एकच: दोन्ही संगणकांवर विंडोज आणि पायथॉन सारखेच हवे.

क्यूजीआयएस वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्याचे पायथॉन त्याच्या पोटातच असते. जळगाव जिल्हा समाविष्ट असलेल्या पोकरा प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने केलेला पाण्याचा ताळेबंद याच सॉफ्टवेअरवर प्लगइन म्हणून चालवता येतो. क्यूजीआयएस ३ फेब्रुवारी २०१८ मध्ये पायथॉन २ सोडून पायथॉन ३ वर गेले. त्यामुळे २.१८ साठी लिहिलेले कोणतेही प्लगइन सुधारल्याशिवाय नव्यावर चालत नाही.

बसले म्हणजे झाले नाही

पॅकेजची आवृत्ती बदलली की तीच माहिती देऊनही उत्तर थोडे वेगळे येऊ शकते. पाच बाय दोन फुटांवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर असलेल्या एकरभर कपाशीत १० मिमीचा फरक म्हणजे सुमारे ४० हजार लिटर, म्हणजे पंपाचे सव्वादोन तास. थ्री फेज वीज मोजकेच तास मिळते तिथे हा फरक लहान नाही. म्हणून आधी गेल्या हंगामाचे तापमान, पाऊस आणि बाष्पीभवनाचे आकडे घालून पाहावे, आणि उत्तर शेतातल्या नोंदींशी ताडावे. ते पटल्यावरच चालू हंगामाकडे वळावे.

रावेर, यावल, चोपड्यातील केळी उत्पादकांसाठी एक सूचना: अ‍ॅक्वाक्रॉपच्या तयार पिकांच्या यादीत कापूस, मका, गहू, ज्वारी, सोयाबीन, ऊस आहेत, केळी नाही. कुणी मक्याचे आकडे घालून केळीचे पाणी काढून दिले, तर त्यावर व्हॉल्व्ह फिरवू नये. केळीसाठी कृषी विद्यापीठाची वाढीच्या अवस्थेनुसार दिलेली शिफारसच वापरावी.