नवी खिडकी, पण कमांड कोणाला?

लिनक्सवर ग्नोम टर्मिनलची नवी खिडकी उघडून तिच्यात दोन-तीन कमांड एकापाठोपाठ चालवायच्या असतील, तर त्या अर्धविरामाने जोडून दिल्या की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात पहिलीच कमांड नव्या खिडकीत जाते आणि बाकीच्या जुन्याच खिडकीत चालतात. दोष टर्मिनलचा नाही. टर्मिनल म्हणजे नुसती खिडकी. कमांड वाचणारा प्रोग्रॅम वेगळा, तो शेल. जुन्या खिडकीतला शेल अर्धविराम दिसताच तिथेच ओळ तोडतो, त्यामुळे नव्या खिडकीपर्यंत ते चिन्ह पोहोचतच नाही. म्हणून नव्या खिडकीला कमांडची माळ न देता एक शेलच चालवायला द्यावा, उदाहरणार्थ बॅश, आणि त्याला ‘-सी’ हा पर्याय लावून सगळ्या कमांड एकाच अवतरणात सोपवाव्यात. अवतरण शक्यतो एकेरी असावे. दुहेरी असेल तर डॉलरचिन्हाने सुरू होणारी नावे जुना शेलच आधी उलगडून मोकळा होतो.

यावर तक्रार येते, की खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते. होणारच, काम संपले की शेल संपतो आणि बहुधा त्याच्यासोबत खिडकीही. शेवटी ‘एक्झेक बॅश’ जोडले, की त्याच्या जागी नवा शेल येतो. त्यापेक्षा स्क्रिप्टच लिहावी, हा दुसरा आक्षेप. कमांड बऱ्याच असतील तर तो मान्य, पण स्क्रिप्ट वाचायलाही शेलच लागतो. आणि पहिली कमांड फसल्यावर दुसरी चालू नये असे असेल (फोल्डर बदलून फायली पुसताना तर नक्कीच), तर अर्धविरामाऐवजी दोन अँपरसँड वापरा.