झाडावरचे पहारेकरी

आईच्या गोड्या मसाल्यात दगडफूल असते. काळपट, सुरकुतलेले, कागदासारखे हलके. ते फूल नसते, हे मला या हिवाळी सुट्टीत कोलकात्यात कळले.

बाबांची बदली सध्या तिथे आहे. माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे. डिसेंबरात तिचा इनहेलर सतत हाताशी ठेवावा लागला. पहाटे मी मैदानावर धावायला जायचो, तेव्हा धुक्याला धुराचा वास यायचा. एकदा तिने विचारले, "दादा, हवा खराब आहे हे मशीनशिवाय कळतं का?"

उत्तर शोधताना दगडफूल पुन्हा भेटले. शास्त्रीय मराठीत त्याच्या गटाला शैवाक म्हणतात. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. शैवाल उन्हात अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. शैवाकाला मुळे नसतात, पानांवर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाणी आणि क्षार ते हवेतून व पावसातून घेते. हवेत सल्फर डायऑक्साइड असेल तर तोही आत शिरतो, शैवालातले हरितद्रव्य नष्ट होते आणि भागीदारी मोडते.

शैवाकांचे ढोबळ प्रकार तीन: सालीला चिकटलेले खपलीसारखे, कडा सुटलेले पानासारखे आणि झुडपासारखे. झुडपासारख्यांचा सगळा भाग हवेत उघडा असतो, म्हणून हवा बिघडली की बहुधा ते आधी जातात. खपलीसारखे बरेचदा शेवटपर्यंत टिकतात.

ही गोष्ट जुनी आहे. फिनलंडचे शास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील शैवाकांवरून हवेच्या शुद्धतेचा अंदाज घेता येतो, असे लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलकात्याच्या शैवाकांवरही लिहिले. ते नमुने सुल्पिझ कुर्झ यांनी गोळा केले होते. २००५ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्न होता: कोलकाता शहरात अजून शैवाके वाढतात का? वाढतात, पण जुन्या नोंदींतल्या अनेक जाती आता सापडत नाहीत.

मीही मोजायचे ठरवले. पारदर्शक प्लॅस्टिकवर १० सेंमी बाजूचा चौरस आखून त्यात १०० घरे पाडली. आंब्याची पाच झाडे रस्त्यालगतची आणि पाच शिबपूरच्या वनस्पती उद्यानातली निवडली. प्रत्येक झाडावर छातीच्या उंचीला चौरस धरून शैवाक असलेली घरे मोजली. रस्त्यालगतच्या तीन झाडांवर एकही घर भरले नाही. उद्यानातल्या पाचही झाडांवर खपल्या होत्या, दोन झाडांवर पानासारखेही होते.

मी घरी येऊन जाहीर केले, "उद्यानात फिरायचं, तिथे इनहेलरची गरज नाही." बाबा म्हणाले, "पहारेकरी जागेवर दिसला म्हणून गस्त बंद करतात का?"

त्यांचे बरोबर होते. दहा झाडे हा पुरावा नव्हे. सावली, ओलावा, साल, खोडाला लावलेला चुना यांनीही आकडा बदलतो. शिवाय शैवाक फार हळू वाढते. ते आजची हवा सांगत नाही, काही वर्षांची सांगते. वाहनांचा धूर आणि धूळ सोसणाऱ्या जातीही असतात, म्हणून 'किती' याबरोबर 'कोणते' हेही पाहावे लागते. बहिणीसाठी रोजचा यंत्राचा आकडा आणि डॉक्टरांचा सल्लाच खरा. इनहेलर खिशात ठेवूनच आम्ही उद्यानात गेलो. चौरस तिने धरला, घरे मी मोजली.

मित्रांनो, आपल्या परेड ग्राउंडमागेही आंब्याची झाडे आहेत. मी त्यातल्या पाच झाडांची नोंद वहीत करून ठेवली आहे. शैवाक न खरवडता, त्याच झाडांवर, त्याच उंचीला पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा मोजायला हवे. मी पास होऊन गेलो तरी वही इथेच राहील.