नवव्या दिवशी कोण असते?

मे महिना लागला की लातूर आणि नांदेडच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप लागते आणि त्याबरोबर दुपारची खिचडीही बंद होते. नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळी शिबिरे भरतात. शहरातून वीस-पंचवीस तरुण येतात, शाळेच्याच ओट्यावर सतरंज्या पडतात. आठ दिवस गाणी, खेळ, मातीकाम आणि कागदाच्या टोप्या असतात. शेवटच्या संध्याकाळी पालकांसमोर नाटुकले होते. मग सामान टेम्पोत चढते आणि गोलात उभ्या असलेल्या मुलांतले एखादे विचारते, “आता पुन्हा कवा?” या प्रश्नाला उत्तर नसेल, तर झालेल्या आठ दिवसांचा हिशेब अपुरा आहे. वडील गेलेले, आई-बाप ऊसतोडीला जाणारे किंवा आजार घेऊन जन्मलेले मूल समोर असते, तेव्हा आठ दिवसांत त्याला काय शिकवले, यापेक्षा नवव्या दिवशी त्याच्याजवळ कोण उरते, हे अधिक महत्त्वाचे. शिबिराचे मोल त्यावरच ठरवावे लागते. किल्लारीच्या भूकंपापासून आजपर्यंतच्या तीन दशकांतून मला दिसते ते हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा गणपती विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. या भागातली जुनी घरे माळवदाची. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी छत आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ ही नावे देशभर पोचली आणि देशभरातून मदतीचे हातही आले. त्यांची कृतज्ञ नोंद झाली आहे, व्हायलाच हवी. मात्र आई-वडील गमावलेल्या मुलांचा प्रश्न ढिगारे उपसून संपणारा नव्हता. सहा वर्षांच्या मुलाला पुढची बारा-पंधरा वर्षे कुणीतरी लागणार होते.

त्या वेळी दोन वाटा निघाल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुण्याजवळच्या वाघोलीला त्यासाठी कायमचे संकुल उभे राहिले. दुसरी वाट पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी धरली. त्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ सुरू केले. तिथे मुलाला आपलीच बोली ऐकू येणार होती, ताटात ज्वारीची भाकरीच असणार होती आणि एखादा चुलता किंवा मामा बसने येऊन भेटून जाऊ शकत होता. यांतली कोणती वाट बरोबर, असा वाद घालता येतो. मुलांना घेऊन दूर जाण्यापेक्षा त्यांच्याजवळ जाण्याची वाट मला अधिक योग्य वाटते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनची मुले खेड्यांत पाठवली गेली. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धकाळात लंडनमध्ये चालवलेल्या बालगृहांत अशा मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. लहान मुलांना बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून झालेली ताटातूट अधिक खोल दुखावते, असे त्यांना दिसले. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने हाच धागा पुढे नेला. आपल्याकडचा २०१५ चा बालन्याय कायदाही सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा.

तरीही वाघोलीच्या वाटेला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये वर्षे काढणाऱ्या गावात चांगली शाळा तेव्हा कुठे होती? पुण्याला गेलेल्या मुलांना शिक्षण मिळाले आणि ते एका वर्षाच्या उत्साहावर चालले नाही. या दोन वाटांमध्ये अंतराचा फरक मोठा आहे, पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. दोन्ही ठिकाणची माणसे टिकली. मूल शाळेत नापास झाले, आजारी पडले, रुसून बसले, दिवाळीला रडले, तेव्हा कुणीतरी ओळखीचे समोर होते. आठवड्याभराच्या मदतीतून ही ओळख उभी राहत नाही.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनाने आणखी एक गोष्ट शिकवली, तिचा मुलांच्या कामाशी थेट संबंध आहे. नवी गावे सरळ रस्त्यांची आणि ऐसपैस आखली गेली. घरे सुरक्षित झाली, पण जुन्या गल्लीतली लागून असलेली घरे सुटी झाली. आधी भिंतीपलीकडून हाक मारली की आजी ओ देत असे, आता तिचे घर चार रस्ते ओलांडून गेले. ज्या मुलाचे घरच फुटले आहे, त्याला शेजार हेच दुसरे घर असते. तो शेजार पुन्हा बांधायचा तर तो तिथल्याच माणसांनी. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घरदुरुस्तीची माहिती घरोघर पोचवणे, कामावर लक्ष ठेवणे, अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे ही कामे त्यांनी केली. शेतात राबणाऱ्या या बायका तज्ज्ञ म्हणून आल्या नव्हत्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना आधार द्यायला गेल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांना मदत मिळाली, त्या आता मदतीला निघाल्या होत्या. स्वयंसेवेच्या यशाची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

मुळात शिबिराची कल्पनाही अशाच उद्ध्वस्त जमिनीतून आली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या एन या बेचिराख गावात निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना घेऊन घरे बांधण्याचे काम काढले. त्यात काल शत्रू असलेले जर्मनही होते. १९३४ च्या भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्ये गावे उभारायला आले, आणि पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिले. महाराष्ट्रात साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेल्या सेवा दलाने शिबिराला गाणे, खेळ आणि श्रमदान यांची जोड दिली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि सात दिवसांचे निवासी शिबिर महाविद्यालयीन जीवनाचा भाग झाले. लातूर-नांदेडची महाविद्यालये १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आहेत, तिथेही ही शिबिरे दरवर्षी भरतात. या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. तासांचा हिशेब विद्यापीठाला आवश्यक आहे, हे मान्य. मुलाचा हिशेब मात्र तासांत चालत नाही. ते माणूस परत येण्याची वाट पाहते.

१९९३ नंतरची या भागातली संकटे भूकंपासारखी एका पहाटे आली नाहीत, म्हणून त्यांतली मुले लवकर दिसली नाहीत. कर्जापायी शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्या घरातल्या मुलाचे नाव कुठल्याच ढिगाऱ्याखाली शोधले जात नाही. मुखेड, कंधार, लोह्याकडच्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दिवाळीनंतर जोडपी मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन निघतात. मुलांपैकी काही त्यांच्याबरोबर फडात जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले, तेव्हा या मुलांनी गावच्या शाळेत बसावे याला पालकांचाच विरोध झाला. आजारापेक्षा ते नाकारले जाणे मुलांना अधिक कळत असणार. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होते. त्या गाडीची छायाचित्रे जगभर गेली. त्याच वर्षी १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही शालेय पोषण आहार चालू ठेवण्याचा आदेश दिला, त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. सुटी ही सगळ्या मुलांना सारखी नसते, हे त्या आदेशाने मान्य केले. कुणाची सुटी मामाच्या गावी जाते आणि कुणाची दुपारच्या भुकेत. उन्हाळी शिबिराची खरी गरज इथे आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की काहीच नसण्यापेक्षा आठ दिवस बरे. नोकरी-शिक्षण सांभाळून येणाऱ्या तरुणाला आयुष्य वाहून टाका, असे कसे सांगणार? या म्हणण्यात तथ्य आहे. आठ दिवसांचा आनंद खरा असतो आणि ज्याच्या वाट्याला तो क्वचित येतो, त्या मुलाला त्याचे मोल आपल्याहून जास्त कळते. पण ज्याने आधीच कुणाला तरी गमावले आहे, त्याच्यापुढे नवी माणसे आणून, जीव लावायला लावून, मग नाहीशी करणे यात इजाही आहे. सगळ्यांनी कायमचे राहावे, अशी मागणी कुणी करत नाही. मागणी एवढीच की गटाने एक गाव धरावे आणि त्याच गावात निदान तीन उन्हाळे यावे. दरवर्षी नवे गाव घेतले की अहवालात गावांची संख्या वाढते. एकाच गावात परत गेले की मुलांची नावे पाठ होतात.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. गावात प्रशिक्षित माणसे कुठे आहेत? दुःखात असलेल्या मुलाशी कसे बोलावे, हे अंगणवाडीताईला किंवा बारावी झालेल्या पोरीला कसे जमणार? संवाद सहायकांचा अनुभव याचे उत्तर देतो. सिमेंट आणि लोखंडाचे काम ज्यांनी कधी पाहिले नव्हते, त्या बायका शिकल्या; मग मुलांना गोष्ट सांगणे, गप्प बसलेल्या मुलाजवळ नुसते बसणे आणि धोक्याची खूण दिसली की डॉक्टरांकडे नेणे हे का शिकता येणार नाही? शहरातून येणाऱ्यांनी आपले कौशल्य मुलांवर आठ दिवस वापरण्याऐवजी त्यातले निम्मे दिवस गावातल्या दोन-तीन जणींना तयार करण्यात घालवले, तर टेम्पो निघून गेल्यावरही गाणी, खेळ आणि विचारपूस गावातच राहील. जिथे खरोखर तज्ज्ञ लागतो तिथे तो लागतोच. पण बहुतेक मुलांना आधी हवे असते ते रोज दिसणारे माणूस.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शिबिरे मुलांपेक्षा तरुणांना घडवतात, आणि तेच त्यांचे खरे काम आहे, असे काही जण म्हणतात. बाबा आमटेंच्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीतून अनेक कार्यकर्ते पुढे आले, हे उदाहरण त्यासाठी दिले जाते आणि ते खरे आहे. पण सोमनाथला तरुण जातात ते श्रम करायला. तिथे मातीचा बांध अर्धा राहिला तर पुढच्या वर्षी पुरा होतो, माती वाट पाहत नाही. मूल पाहते. म्हणून तरुणांची घडण हा मुलांच्या शिबिराचा चांगला परिणाम असू शकतो, त्याचा हेतू मात्र होऊ शकत नाही. ज्याला स्वतःला घडवायचे आहे, त्याने पहिले वर्ष कुदळ-फावडे घ्यावे. मुलांकडे यायचे ते दुसऱ्या वर्षीही येण्याच्या तयारीने.

आज हे सगळे करणे १९९३ पेक्षा सोपे आहे. मुलाला घरीच ठेवून वाढवण्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची महिन्याची रक्कम ४२५ रुपये होती, कोविडच्या काळात ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० रुपये आहे. एकटी आई किंवा थकलेली आजी असलेल्या घराला ही रक्कम आधार देते. पण अर्ज, दाखले, जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समितीपुढे हजेरी, या चढणीवर अशी घरे थकतात. आठ दिवसांच्या शिबिरात सकाळी खेळ आणि दुपारी पात्र मुलांचे अर्ज भरणे, असा क्रम ठेवला, तर शिबिर संपल्यावर दर महिन्याला त्या घरात काहीतरी येत राहील. शिबिराच्या सांगतेला छायाचित्र काढण्याऐवजी एक वही करावी. त्यात प्रत्येक मुलाचे नाव, त्याची अडचण, गावातले कोण त्याच्याकडे पाहणार आणि अर्ज कुठवर गेला, एवढे लिहावे. ती वही मुलांच्या खाजगीपणाला जपेल अशा गावातल्याच जबाबदार बाईच्या हाती द्यावी आणि पुढच्या मे महिन्यात येताना तीच उघडावी. टेम्पो निघताना “आता पुन्हा कवा?” असे मूल विचारेल, तेव्हा त्याला तारीख सांगता येईल, आणि तोवर रोज कुणाच्या घरी जायचे, हेही.