बोट बुडताना तराफा कसा सुटतो?

कोचीजवळ मे २०२५मध्ये बुडालेल्या ‘एमएससी एल्सा ३’ या मालवाहू बोटीची बातमी तेलाच्या तवंगात आणि किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरांत अडकून पडली. बोटीवरचे २४च्या २४ जण वाचले, याची चर्चा फारशी झाली नाही. त्यातल्या नऊ जणांनी आधीच बोट सोडून लाइफ राफ्ट, म्हणजे फुगणारे तराफे, गाठले होते.

त्यांना निदान वेळ मिळाला. तो मिळाला नाही, तर तराफा आपोआप सुटावा अशी सोय बोटीवर असते. तराफा ज्यात घडी करून ठेवतात ती डेकवरची पांढरी, पिंपासारखी फायबरची पेटी पट्ट्याने जखडलेली असते आणि पट्टा तळहाताएवढ्या एका उपकरणात अडकवलेला असतो. त्याचे नाव हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट. ते दीड ते चार मीटर पाण्याखाली गेले की दाबाने आतली स्प्रिंग सुटते आणि पाते पट्टा धरणारी दोरी कापते. पेटी वर येऊ लागते, पण पेंटर नावाच्या दोराने ती अजून बोटीला बांधलेलीच असते. बोट खाली जाते तसा दोर पेटीतून उलगडत जातो, ताणतो, आणि त्या हिसक्याने कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उघडतो. मिनिटभरात छतासकट तराफा फुगतो.

आता बोटीने त्याला सोडायला हवे, नाहीतर तीच त्याला तळाला नेईल. म्हणून पेंटरच्या बोटीकडच्या टोकाला ‘वीक लिंक’ असते. ही दोरी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते आणि साधारण सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटते. फुगलेल्या तराफ्याची उचल त्याहून कितीतरी जास्त.

माझ्या मते सगळ्या यंत्रणेत लक्ष ठेवण्यासारखी जागा हीच. एखादा खलाशी चांगल्या हेतूने वीक लिंक वगळून पेंटर थेट डेकच्या कडीला पक्का बांधतो. बंदरात कुणाला त्यात चूक दिसत नाही. उलट पेंटर कुठेच बांधला नसेल, तर पेटी वर येते आणि न फुगताच वाहत जाते. युनिटचीही मुदत असते. वापरून टाकायच्या प्रकाराची ती दोन वर्षे, आणि ती संपण्याचा महिना-वर्ष त्याच्यावरच नोंदवलेला असतो. तराफा दरवर्षी मान्यताप्राप्त केंद्रात उघडून तपासावा लागतो.

हे लिहिताना ‘पी-३०५’ डोळ्यांपुढून हलत नाही. १७ मे २०२१ला तौक्ते वादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, वाचली १८६. बरेच तराफे फाटलेले होते, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले. अशा वेळी पात्याने दोरी वेळेवर कापली तरी उपयोग काय? शिवाय बार्जवर राहणारे बहुतेक जण दर्यावर्दी नव्हते. ते कंत्राटी वेल्डर, फिटर, मदतनीस होते. तराफा आपोआप वर येतो, पण माणसाला त्यात स्वतःच चढावे लागते, तेही अंधारात, उसळत्या लाटांवर.

म्हणून तपासणी अधिकाऱ्याने सहीपुरती प्रमाणपत्रे पाहू नयेत. डेकवर जाऊन पेंटर कुठे बांधला आहे ते हाताने धरून पाहावे. आणि बार्जवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला, पगार कोणीही देत असो, पहिल्याच दिवशी त्याच्या भाषेत ती पेटी, तो दोर आणि तराफ्यात चढायची शिडी दाखवलीच पाहिजे.