तळपायाची जखम महिना झाला तरी भरेना? एकदा दाखवून घ्या

नांदेड/लातूर : काटा मोडला असेल, शुगरमुळे भरत नसेल, असं म्हणत वयस्कर माणसं जखमेवर हळद दाबून शेतात जातात. पण महिनाभर न भरणारी, कडा जाड झालेली, सारखं रक्त येणारी जखम कातडीचा कॅन्सरही असू शकते. सावळ्या कातडीत हा आजार कमी होतो, म्हणूनच लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे तो तळपायावर, नखाखाली, अगदी चुलीवर भाजलेल्या वीस-तीस वर्षं जुन्या वणावरही निघतो. वाढत जाणारा, रंग बदलणारा काळा डागही अंगावर काढू नये.

तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, कातडीचा त्यात नाही. सत्तरीतल्या माणसाला वाकून स्वतःचा तळपाय कुठला दिसतोय? महिन्यातून एकदा घरच्यांनीच पाय, पाठ उजेडात बघावी.

शंका आली तर विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोग विभागात दाखवावं. डॉक्टर जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, ही गावात बसलेली भीती खरी नाही. लवकर सापडला तर बहुतेकदा तेवढाच भाग काढून भागतं. उशीर झाला तर बोट, कधी पाय काढायची वेळ येते.