सुगरणीचा खोपा कोण विणतो?

या वसंतात सांडोरच्या एखाद्या विहिरीवर वाकलेल्या झाडाला गेल्या वर्षीचे वाळके खोपे लोंबताना दिसले, तर आपण ते सहज ओळखतो. वर फुगीर, खाली लांब नळी, आणि वाऱ्याबरोबर झुलणारे हे घर सुगरणीचे, हे सांगायला शाळामास्तर लागत नाही. परंतु ते बांधते कोण, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण चुकतील.

चूक आपल्या भाषेतच आहे. ‘सुगरण’ हा शब्दच बाईमाणसाचा. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही खोपा विणणारी आहे ती पिलांची आई. कवितेला तो अधिकार आहे. निसर्गात मात्र विणकर असतो नर.

ही गोष्ट नीट उलगडली ती आपल्याच किनाऱ्यावर. १९३० साली सालिम अली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीमला राहत होते. हाताशी नोकरी नव्हती, वेळ मात्र होता. आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी पावसाळाभर पाळत ठेवली आणि १९३१ साली आपली निरीक्षणे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

त्यांना दिसले ते असे. पाऊस पडून भात वाढले, की पिवळ्या डोक्याचा नर पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि लांब पट्टी सोलून निघते. अशा शेकडो पट्ट्यांची गाठ, मग कडे, मग घंटेसारखा अर्धा खोपा तयार होतो. येथे काम थांबते. नर खोप्याला लटकून पंख फडफडवतो, चिवचिवाट करतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीने घर पसंत केले, तरच नर अंड्यांची खोली व नळी पुरी करतो. तिने अंडी घातली, की हे गृहस्थ शेजारी दुसरा खोपा आरंभतात, दुसऱ्या मादीसाठी! अंडी उबवणे आईकडे, आणि पिलांचा बहुतेक भारही तिच्याकडेच.

अर्धे खोपे म्हणजे नराचे झोपाळे, असे पूर्वी मानीत. ते खरे तर नापसंत झालेली घरे होत. ओल्या मातीत काजवा चिकटवून सुगरण दिवा लावते, हीही लोककथाच. माती मात्र आत खरोखर थापलेली असते.

मादी पाहते तरी काय? पुढील अभ्यासांतून दिसले, की विणीपेक्षा ती जागेला अधिक जपते. उंच फांदी, काटेरी झाड, खाली विहीर, अशी जागा तिला पसंत. साप आणि कावळे यांना तेथे पोचणे अवघड. लोंबती नळीही याच कामी येते.

म्हणजे खोप्याला तीन गोष्टी एकत्र हव्यात: पात्यांसाठी भात किंवा उंच गवत, टांगायला झाड, आणि झाड सुरक्षित राहील अशी जागा. वसई-विरार परिसरात शेतांवर इमारती चढत आहेत. विहीर बुजवली आणि झाड तोडले, तर कितीही कुशल नर असला तरी त्याचे घर पसंत करणार कोण?

येत्या श्रावणात आपण एक तास अशा झाडाखाली उभे राहू. विणकर दिसेलच, आणि आपल्या गावात त्याला अजून जागा उरली आहे की नाही, हेही कळेल.