विजेची तार आणि छातीतली गाठ

मंडळी, नांदगाव स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले की डोक्यावर रेल्वेची तार दिसते. २५,००० व्होल्टची. रुळालगत राहणाऱ्या एक बाई परवा मला म्हणाल्या, "ताई, या तारेनं बायकांना छातीचा कर्करोग होतो म्हणतात. खरं का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपली वीज सेकंदाला ५० वेळा जा-ये करते, आणि तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच तालावर बदलते. तारेपासून दूर जावे तसे ते झपाट्याने कमी होते, ही गोष्ट वेगळी.

यामागची हकिगत अशी. १९७० साली अमेरिकेत स्तनाचा कर्करोग झालेल्या एका संन्यासिनीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काही पेशी घेतल्या. त्या काचेच्या बशीत वाढल्या, आणि त्यांचा वंश जगभरच्या प्रयोगशाळांत आजही चालू आहे. आता, रात्री अंधारात आपल्या मेंदूतली एक बारकी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा रस सोडते. बशीत हा रस घातला की त्या पेशींच्या वाढीला लगाम बसतो. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी बशीला १.२ मायक्रोटेस्ला एवढे क्षीण, विजेच्या तालाचे क्षेत्र लावले, आणि तो लगाम सैल पडला! पुढे इतर काही प्रयोगशाळांतही तसेच दिसले.

मग बाईंचे खरे म्हणायचे का? नाही. वाटीतल्या मटकीला आलेले मोड पाहून शेताचा उतारा सांगता येत नाही. त्यासाठी बायकांचीच पाहणी हवी. तशा अनेक पाहण्या झाल्या, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या तपासून सांगितले की, या क्षेत्रांनी स्तनाचा कर्करोग होतो याला आधार मिळत नाही. २००२ साली ही क्षेत्रे 'कदाचित कर्करोगकारक' या यादीत घातली गेली खरी. पण ती लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरून. त्या तारेचे खरे भय निराळेच: मालगाडीच्या डब्यावर चढलेला माणूस तिला न शिवताही मरतो. मुलांना हे जरूर सांगा, गुरुजी.

एवढे ऐकून बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग पदर सावरून हळूच म्हणाल्या, "काखेजवळ गाठ लागते, ताई. चार महिने झाले. दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

दुखत नाही म्हणूनच दाखवायची, बाई! प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण कोणती कशाची, हे तपासल्यावाचून कळत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर स्त्रियांची पाहणी चालवली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या वस्त्यांत सुमारे ३० टक्के कमी. यंत्र नाही, वीज नाही, केवळ हाताची बोटे.

सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही तपासणी आहे. पडद्याआड होते, बाईच करते. आम्ही दोघी सोमवारी सकाळी जायचे ठरवले आहे.